रिकाम्या पिशवीच्या प्रसंगाबाबत

मी गुक ह्ये-वन, वय ४३ वर्षे, धंदा मुलांच्या निबंधाच्या शिकवण्या, सुटीच्या दिवशी जेवणाच्या गाडीवर वाढपाचे काम. पटकथाही लिहिते, अद्याप एकही पडद्यावर आलेली नाही. राहणार उन्प्यंग, सोल. तपासी अंमलदार प्यो इन-गु यांच्यासमोर आज रविवारी दुपारी हजर असून विचारल्यावरून सांगते, ती हकीकत अशी.

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझी आई प्यन मल-ले, वय ६७, ही दोन वर्षांपासून बुप्यंग येथील वृद्धांच्या रुग्णालयात आहे. तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवा हात चालत नाही. बोलणे स्पष्ट आहे. कालचे आठवत नाही, जुने आठवते, असे डॉक्टर म्हणतात.

आज सकाळी मी जू ओक-बुन, वय ५८, यांच्या जेवणाच्या गाडीबरोबर शहराबाहेरील बंद बस आगारात गेले. मी त्यांना ताई म्हणते. तेथे एका नव्या मालिकेच्या चित्रीकरणाचा पहिला दिवस होता. मालिका कोणती हे मला माहीत नव्हते. आम्हाला फक्त ऐंशी माणसांचे जेवण सांगितले होते. पहिला दिवस असल्याने आधी पूजा होती. टेबलावर डुकराचे उकडलेले डोके, वाफवलेली तांदळाची वडी, सुका मासा व भाताची दारू मांडली होती.

मी जेवणाची टेबले पुसत असताना एका टेबलावर सकाळी वाटलेली पटकथेची सुटी पाने पडली होती. ती बाजूला करताना मी वाचली. एकतिसावा प्रसंग असा होता: बस कंडक्टर मुलगी, नाव मल-सुक. आदल्या रात्री बस कंपनीने कपडे उतरवून तिची झडती घेतली आहे. आज ती दिवसभर एकाही प्रवाशाकडून भाडे घेत नाही. संध्याकाळी आगारात येऊन साहेबाच्या टेबलावर भाड्याची पिशवी उलटी करते. पिशवीतून काही पडत नाही. मुलगी म्हणते, "घ्या, आज घ्या झडती."

हा प्रसंग माझ्या पटकथेत एकोणिसावा होता. त्यात मुलीचे नाव मल-ले होते. शेवटचे वाक्य शब्दशः तेच होते. ती पटकथा मी गेल्या वर्षी वसंतात एका वाहिनीच्या स्पर्धेला पाठवली होती. शेवटच्या फेरीत मला मुलाखतीला बोलावले होते. परीक्षकांत निर्माते दोक्गो सान होते. ते म्हणाले होते, "पिशवीचा प्रसंग छान आहे, बाकी कच्चं आहे." माझी निवड झाली नाही. आजची मालिका श्री. दोक्गो यांच्या कंपनीची आहे.

अंमलदार साहेब वयाने तरुण असल्याने झडती कशाची असे त्यांनी विचारले, म्हणून सांगते. त्या काळी बसच्या दारात मुली उभ्या असत व भाडे रोख गोळा करीत. मुली पैसे खातात असा कंपनीचा संशय असे. म्हणून रात्री गाडी लागली की एका खोलीत नेऊन त्यांची झडती घेत. माझी आई १९७६ पासून सहा वर्षे त्या कामावर होती.

पूजेत आधी श्री. दोक्गो यांनी नमस्कार केला. कोणाला इजा होऊ नये व लोकांनी मालिका पाहावी असे ते मोठ्याने म्हणाले व डुकराच्या तोंडात पैशांचे पाकीट ठेवले. मग दिग्दर्शक, नट, प्रकाशयोजनेची माणसे यांनी तसेच केले. नंतर कोणीतरी ओरडले की जेवणवाल्या मावश्यांनीही नमस्कार करावा. ताई गेल्या. त्यांच्यामागे मी गेले. मी रीतीप्रमाणे जमिनीला डोके टेकून नमस्कार केला आणि ती पाने गुंडाळून डुकराच्या तोंडात ठेवली. त्यानंतर मी उठले नाही. श्री. दोक्गो यांनी मला ओळखले की नाही ते मला सांगता येत नाही.

मी त्यांना म्हणाले की हा प्रसंग माझा आहे, श्रेयनामावलीत माझे नाव घाला. ते म्हणाले, "बाई, मी त्या वर्षी चारशे पटकथा वाचल्या. चारशेत दोन-चार तरी बस कंडक्टर असतातच."

मी म्हणाले की पैसे नकोत. नाव सर्वांत शेवटी, सर्वांत बारीक अक्षरांत, जेवणाच्या गाडीच्या नावाखाली घातले तरी चालेल. अकरा वर्षे मी पटकथा पाठवते आहे. ते घड्याळ पाहत होते. मला उठवायला दोन माणसे आली. तेव्हा मी डुकराचे डोके दोन्ही हातांनी उचलले, चित्रीकरणासाठी आणलेल्या जुन्या बसमध्ये चढले व आतून दार लावून घेतले. डोके माझ्या मांडीवर होते. तोंडातील काही पाकिटे पायऱ्यांवर पडली. ती मी घेतलेली नाहीत.

मी बसमध्ये सुमारे तासभर होते. डोक्याशिवाय पूजा पुरी होईना आणि पूजा झाल्याशिवाय प्रकाशवाले दिवे लावायला तयार नव्हते. त्यांचे प्रमुख खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, डुक्कर तेवढं परत द्या. तुमचं काय ते तुम्ही साहेबांशी बघून घ्या. मागं एकदा पूजा अर्धवट राहिली आणि माझा पोरगा शिडीवरून पडला." मी त्यांची माफी मागितली. डोके दिले नाही.

नंतर ताई आल्या. त्या म्हणाल्या, "ह्ये-वन, भात गार झाला. ऐंशी माणसं उपाशी उभी आहेत. त्या डुकराशी कसलं भांडण आहे तुझं?"

मी म्हणाले, "डुकराशी नाही."

त्या म्हणाल्या, "मग ज्याच्याशी आहे त्याचं मुंडकं धर की. ही कंपनी आपलं जेवणाचं गिऱ्हाईक आहे गं." एवढे बोलून त्यांनी खिडकीतून मला पाण्याची बाटली दिली व परत गेल्या. त्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. कृपया त्यांचे काम काढून घेऊ नये.

त्यानंतर कंपनीच्या वकील मेंग जु-ओन आल्या. त्या सभ्यपणे बोलल्या. त्यांच्या फोनवर माझ्या पटकथेचे पहिले पान व स्पर्धेचा अर्ज होता. स्पर्धेच्या अर्जात कथेचा आधार काय, असा रकाना होता. त्यात मी "माझ्या आईची खरी हकीकत" असे लिहिले होते. खरी हकीकत म्हटले की परीक्षक लक्ष देऊन वाचतात, असे लेखनवर्गातील सगळे म्हणत, म्हणून लिहिले.

त्या म्हणाल्या, "लेखिकाबाई, तुमच्या हिताचं सांगते. घडलेली गोष्ट कुणाच्या मालकीची नसते. ती कुणीही घेऊ शकतं. तुम्ही मनानं रचलेलं असेल, तेवढंच तुमचं. आता सांगा, पिशवी रिकामी केली ते घडलं होतं, की तुम्ही रचलंत?"

मी म्हणाले, "रचलं."

"आणि ते वाक्य?"

"तेही माझंच."

त्या म्हणाल्या, "मग आईंना विचारावं लागेल. त्या आहेत ना अजून?"

मी दार उघडून खाली उतरले व डोके टेबलावर ठेवले. तोवर पोलीस आले होते.

ठाण्यात अंमलदार साहेबांनी मला समजावले की कंपनीने माझ्याविरुद्ध कामात अडथळा आणल्याची तक्रार दिली आहे. प्रसंग मी रचलेला असेल तर मलाही कंपनीविरुद्ध चोरीची तक्रार देता येईल, आणि मग आजच्या माझ्या वागण्याला निदान काही कारण होते असे धरले जाईल. प्रसंग घडलेला असेल तर माझ्या हातात काही राहत नाही. साहेब म्हणाले, "नीट विचार करून सांगा. एकदा लिहिलं की लिहिलं."

मी विचार करून सांगते की पिशवीचा प्रसंग मी रचला. तो घडलेला नाही.

घडले ते असे. मी हायस्कुलात असताना एकदा आम्ही दोघी लसूण सोलत होतो, तेव्हा आईने सांगितले. तिला वीस वर्षे पुरी झाली नव्हती. हिवाळा होता. झडतीच्या खोलीत एकच शेगडी होती व ती साहेबाच्या पायाशी होती. तिला सगळे कपडे उतरवायला सांगितले. मोजे राहू दिले. काही सापडले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा गाडीच्या दारात उभी राहिली व पत्र्यावर हात मारून गाडी सोडली. मी विचारले की तू काहीच बोलली नाहीस का. ती म्हणाली, "काय बोलायचं? धाकट्या मामाच्या शाळेची फी कुणी भरली असती?" आणि लसणाची पाटी घेऊन उठली. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

पिशवी मी लिहिली. मला ते तसे व्हायला हवे होते.

स्पर्धेला पाठवण्याआधी मी पटकथा रुग्णालयात आईला वाचून दाखवली. एकोणिसावा प्रसंग तिने पुन्हा वाचायला लावला. मग आणखी एकदा. पुढच्या आठवड्यात गेले तर तेथील मदतनीस बाई म्हणाल्या, "तुमची आई म्हणजे भारीच हो. मालकाच्या तोंडावर पिशवी उलटी केली म्हणे." शेजारच्या खाटेवर नवीन कोणी आले की आई आता हीच गोष्ट सांगते. सांगताना ती डाव्या हाताने उशीचा अभ्रा उलटा करते. मी तिला कधी दुरुस्त केले नाही.

अंमलदार साहेब म्हणाले की प्रसंग घडला की नाही, याची आईकडून खात्री करावी लागेल, नाहीतर उद्या कंपनीचे लोक स्वतः जातील. मी म्हणाले की तिला विचारू नका. तिला काही आठवत नाही. त्यांनी रुग्णालयाला फोन लावला व मला ऐकू यावे म्हणून आवाज मोठा ठेवला. मदतनीस बाईंनी फोन आईच्या कानाशी धरला.

साहेब म्हणाले, "आजी, मी पोलीस ठाण्यातून बोलतोय. घाबरू नका."

आई म्हणाली, "आजी कुणाला म्हणतोस रे? नाव आहे मला. प्यन मल-ले."

साहेबांनी माफी मागितली व पिशवीचे विचारले. आईने सगळे सांगितले. कोणत्या मार्गाची गाडी होती, त्या दिवशी किती थंडी होती, साहेबाच्या टेबलावर कोणत्या रंगाचा कप होता. कप पटकथेत नाही. ती म्हणाली, "सबंध दिवस कुणाकडून एक नाणं घेतलं नाही मी. आणि संध्याकाळी पिशवी अशी उलटी केली. म्हटलं, घ्या, आज घ्या झडती." मागे खोलीत कोणीतरी हसले. आई त्यांना म्हणाली, "हसता काय? पोलीस लिहून घेतायत."

साहेबांनी विचारले, "हे खरंच असं झालं होतं ना?"

आई म्हणाली, "माझ्यावर विश्वास नसेल तर माझ्या मुलीला विचार. लेखिका आहे ती. तिला सगळं ठाऊक आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. फोन चालूच होता. आईच्या श्वासाचा आवाज येत होता. साहेब म्हणाले, "काय म्हणता?"

मी म्हणाले, "हो. आईनं केलं तसं."

आई म्हणाली, "बघ. जेवलीस का तू?"

मी जेवले असे सांगितले. फोन बंद झाला.

वरील मजकूर खोडावा अशी मी विनंती केली. लिहिलेले खोडता येत नाही, पुढे पुरवणी जबाब देता येतो, असे साहेबांनी सांगितल्यावरून पुरवणी जबाब देते.

पुरवणी: रिकाम्या पिशवीचा प्रसंग १९७७च्या हिवाळ्यात माझी आई प्यन मल-ले हिच्या आयुष्यात घडला आहे. तो मी रचलेला नाही. शेवटचे वाक्य तिचे आहे. मी ते तिच्याकडून ऐकले व लिहिले. कंपनीविरुद्ध माझी काही तक्रार नाही. माझ्या नावाबद्दल काही म्हणणे नाही. आज सकाळी डुकराचे डोके उचलून मी पूजा व चित्रीकरण थांबवले हे खरे आहे. त्याचे कारण मला देता येत नाही. जी शिक्षा होईल ती मान्य आहे.

कंपनीने दबाव आणला किंवा काही देण्याचे कबूल केले का, असे विचारता, नाही.

साहेब म्हणाले, "याची नक्कल कंपनीला जाईल. पुन्हा मागे घेता येणार नाही. दोन्हीपैकी कोणता धरू?" मी दुसरा धरावा असे सांगितले. त्यांनी तसे लिहिले.

एक नक्कल मला मिळावी. आईला वाचून दाखवायची आहे. फक्त पुरवणीची द्यावी.

दोन्ही जबाब मला मोठ्याने वाचून दाखवले. पहिला माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे. दुसरा माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून तो खरा व बरोबर आहे.

गुक ह्ये-वन
(सही व अंगठा)

समक्ष: प्यो इन-गु, तपासी अंमलदार