मेहुण्याचा पट्टा

...आणि म्हणे रिकामटेकडा! बघा हो हे हात, या बोटात आरी घुसली, या बोटावरून रापी फिरली, मेण लावलेला दोरा ओढून ओढून अंगठ्याला घट्टा पडला, आणि घरात मला हाक काय, तर "अहो रिकामटेकडे, उचला तो पसारा, जेवायला बसायचंय!" पसारा? चामडं आहे ते!

तुम्हाला सांगतो, नोकरी संपली की माणसाला काहीतरी नाद हवा. बाकीचे म्हातारे बाकावर बसून एकमेकांना आपापले गुडघे ऐकवतात. मी चामडं घेऊन बसलो. पट्टे, पाऊच आणि होल्स्टर! होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचं म्यान हो. त्यासाठी एक जाडजूड, लोण्यासारखं कातडं आणून जपून ठेवलंय. बायको म्हणाली, "आणि पिस्तूल कुठंय?" आता घ्या! आधी पिस्तूलच हवं असं कुठं लिहिलंय?

पण त्याचं असं असतं, चामडं ओलं करायचं, आत वस्तू घालायची, दाबून दाबून बसवायचं, वाळलं की ते आकार धरतं. हात बसावा म्हणून आधी हलक्या तुकड्यावर करून बघावं म्हटलं. आता आत घालायला घरात पिस्तुलासारखं काय? सूनबाईचा केस वाळवायचा ड्रायर! घातला. वाळलं, आणि असं आवळलं की ड्रायर काही बाहेर येईना. पोरगी ओल्या केसांनी ऑफिसला निघाली. "बाबा, कंबरेला लावूनच जाऊ का आता?" म्हटलं, "जा की! साहेब हात वर करून रजा देईल!" ती हसली बिचारी. सासू नाही हसली.

तर असल्या रिकामटेकड्याला एक दिवस हुकूम झाला, "माझ्या भावाला एक चांगला पट्टा करा, साठीचा होतोय." हा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. गल्लीच्या टोकाला सायकली दुरुस्त करतो. बायको वारली त्याची, एकटाच असतो, सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवतो. मी त्याला पिंप म्हणतो. पोटच तसं! बसला की पोट आधी बसायचं, हा मागून.

आता पट्ट्याचं माप कंबरेवरून घ्यायचं नसतं बरं का! कंबर विचारली की माणसं थापा मारतात. जुना पट्टा मागायचा, बक्कलपासून वापरातल्या भोकापर्यंत मोजायचं, झालं. मी म्हटलं, "पिंपा, जुना पट्टा दे." तर म्हणतो, "बेचाळीस धरा दाजी, पट्टा कशाला?" दोनदा मागितला, दोनदा टाळलं. अरे, पट्टा मागतोय, किडनी नाही!

मग काय, जेवून हा आमच्या कॉटवर आडवा झाला, पट्टा खुंटीला. मी गुपचूप काढला आणि त्या जागी माझी मापाची टेप लटकवली. म्हटलं, उठून हीच बांधेल, मजा येईल... खिडकीत नेऊन पट्टा उलगडला, आणि तुम्हाला सांगतो, हसू तिथंच विझलं.

पट्ट्यावर बक्कल जिथं बसतं ना, तिथं आडवी घडी पडते. टोकाकडच्या पहिल्या भोकाशी खोल, काळीभोर घडी, वर्षानुवर्षांची. दुसऱ्याशी फिकी. तिसऱ्याशी त्याहून फिकी. आणि त्याच्या आत, कुठल्याही कारखान्यानं न पाडलेली दोन भोकं. खिळ्यानं पाडलेली, वेडीवाकडी! लोंबणारं टोक कापून टाकलेलं, कुणाला कळू नये म्हणून. तेव्हा डोक्यात उजेड पडला, हा हल्ली शर्ट बाहेर का सोडतो ते. आमचं पिंप आतून रिकामं होत चाललं होतं, आणि मी आपला पोटावरून टिंगल करतोय!

हा उठला, टेप बघितली, माझा चेहरा बघितला. हळूच म्हणाला, "ताईला सांगू नका दाजी." म्हटलं, "डॉक्टरला दाखवलंस?" तर म्हणे, "वडील असेच वाळत वाळत गेले. डॉक्टर एकदा नाव सांगेल, मग ते नाव घेऊन घरी एकटा काय करू? नाव कळत नाही तोवर बरं आहे."

मी पट्टा खिशात घातला आणि निघालो! "दाजी, पट्टा!" "ये मागनं!" मी पुढं, हा मागं, दोन्ही हातांनी पँट धरून! पळता येईना, मला धरता येईना, धरायला हातच मोकळे नाहीत! बायको दारातून ओरडतेय, "अहो, या वयात काय छळ मांडलाय माझ्या भावाचा! दुसरं कामच नाही माणसाला!" सांगता येतंय का मला? दवाखान्यापर्यंत असाच नेला त्याला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय होतंय?" म्हटलं, "यांची पँट राहत नाही, कारण शोधा."

मग तपासण्या. जुना मापाला ठेवून घेऊन रिपोर्ट येईपर्यंत मी नवा पट्टा करायला घेतला, दुसरं सुचतंय काय? पण चामडं कापायची रापी हातात धरून अडलो. माप कुठलं घेऊ? आत्ताचं घ्यावं, तर हात धजेना. शेवटी होल्स्टरचं जपलेलं कातडंच काढलं आणि जुन्या, काळ्याभोर घडीचं माप धरून कापलं. बाहेरची भोकं आधी पाडली. आतली मागून, बारकी.

रिपोर्ट आला. थायरॉइड! गळ्यात म्हणे एक ग्रंथी असते, ती याची पळत सुटली होती म्हणून हा वाळला, गोळ्यांनी आवरेल. म्हटलं, "बाई, यानं आयुष्यात पळवलेली ही पहिलीच गोष्ट!" हा हसला... आणि हसता हसता रडला हो, पँट धरून. मी? मी सोबत आणलेल्या नव्या पट्ट्याचा दोरा ओवत होतो. डोळ्यात मेण गेलं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं आधी भावाला बदड बदड बदडलं, आणि मला म्हणाली, "चहा टाकू?" एवढंच! आमच्यात याला शाबासकी म्हणतात.

आता गोळ्या लागू पडल्यात. पिंप भरलं. एक भोक बाहेर, दोन भोकं बाहेर, काळ्या घडीच्या मापाशी आलं, आणि तिथं थांबावं की नाही? काल येतो आणि म्हणतो, "दाजी, पट्टा आखूड केलात तुम्ही." मी आखूड केला! आणि त्याची ताई आतून, "द्या की दुसरा करून, रिकामटेकडेच तर आहात!"

बसलोय कापत. होल्स्टरचं उरलंसुरलं कातडंसुद्धा मेहुण्याच्या पोटाला गेलं. जाऊ द्या... नाहीतरी पिस्तूल कुठंय!