दोघांचा पावा

(बोलिव्हिया, ओरुरो. जुलैतली, म्हणजे इथल्या हिवाळ्यातली, गारठलेली सकाळ. सेवेरोच्या अंगणात त्याची मुलगी नेल्वा लॅपटॉप उघडून बसली आहे. तिच्या मेटल बँडचा गिटारवाला लिम्बर्ट आपल्या छोट्या अ‍ॅम्पवर बसला आहे.)

सेवेरो : पुसून टाक ते. माझ्या डोळ्यांदेखत.

नेल्वा : ताता, तीन दिवस खपून रेकॉर्ड केलंय. तुम्हीच वाजवलंत!

सेवेरो : तीच चूक झाली. पूस.

लिम्बर्ट : ऐका! मी नको म्हटलं तर मी वाईट. आता सख्खा बाप म्हणतोय.

नेल्वा : तू गुपचूप ती मक्याची आपी पी, गार होतेय. ताता, चूक कुठे आहे? एक सूर हललेला नाही.

सेवेरो : सूर हलला नाही गं. पण हा पावा दोघांचा. सेनोनच्या हातात सहा नळ्यांची जुडी, माझ्या हातात सात नळ्यांची. अर्धे सूर त्याचे, अर्धे माझे. तो फुंकायचा तेव्हा मी श्वास घ्यायचो, मी फुंकायचो तेव्हा तो. आणि इथं? मी माझे अर्धे वाजवले, जेवलो, मग भावाचे अर्धेही मीच वाजवले.

लिम्बर्ट : यंत्रानं जोडल्यावर कुणाला कळतंय, ताता?

सेवेरो : मला कळतंय. आपणच हाक मारायची आणि आपणच ओ द्यायची. वेडा माणूस करतो असं.

नेल्वा : मग तेव्हाच का नाही बोललात?

सेवेरो : तू मागितलंस म्हणून. सेनोन गेल्याला चार वर्षं झाली, पावा पेटीतून काढला नव्हता. तोंडाला लावला आणि हाव सुटली. झालं.

नेल्वा : बरं. हे बघा, पुसलं.

लिम्बर्ट : अगं ए! एखादी कॉपी तरी ठेव!

नेल्वा : तीही पुसली. उद्या संध्याकाळपर्यंत स्टुडिओ आपल्याकडे आहे. पुन्हा करायचं.

लिम्बर्ट : पुन्हा कशाला? जुनंच वाजवू. पंधरा वर्षं लोक आपल्या वेगासाठी येतात. माझी बोटं बघायला येतात, खरं सांगतो! आणि या अल्बममध्ये मी काय करायचं? एक सूर वाजव, थांब. एक सूर, थांब. बस चुकलेल्या माणसासारखं.

नेल्वा : जुनं नाही. सेनोनकाकावर गाणं करायला बसले होते, आठवतंय? खाणीच्या धुळीनं माणूस सात वर्षं मरत होता आणि आपण त्याला तीन मिनिटांत उरकला. गाताना लाज वाटली मला. त्याच दिवशी ठरवलं, आता असं वाजवायचं नाही.

लिम्बर्ट : म्हणजे पंधरा वर्षं झक मारली?

नेल्वा : नाही रे. पंधरा वर्षं हात तयार झाले. आता त्यांना काम देऊ या.

लिम्बर्ट : मग गावातून दुसरा पावेवाला आणा. संपले का सगळे?

सेवेरो : संपले कशाला? पण त्यांचे जोडीदार ठरलेले आहेत. दुसऱ्याचा जोडीदार मागत नाहीत.

नेल्वा : जोडीदार अ‍ॅम्पवर बसलाय.

लिम्बर्ट : मी? मला शीळसुद्धा धड घालता येत नाही!

नेल्वा : फुंकू नकोस. काकाचे सूर गिटारवर घे. आवाज तुझाच, सगळी खरखर ठेव. फक्त सहा सूर. बाकी गप्प.

लिम्बर्ट : अख्ख्या देशातली सगळ्यांत चपळ बोटं, आणि सहा सूर!

नेल्वा : म्हणून तर तू हवास. ज्याला येतच नाही तो गप्प बसला, तर कुणाला काय कळणार?

लिम्बर्ट : आणि नाही जमलं तर?

नेल्वा : तर अल्बम नाही. परवा मी सगळ्यांना तसं कळवते.

लिम्बर्ट : ताता, ही अशीच होती का लहानपणी?

सेवेरो : आईवर गेलीय. गिटार लाव.

लिम्बर्ट : लावतो. पण एकदाच.

सेवेरो : हं... घाई केलीस. पुन्हा.

लिम्बर्ट : एकदाच म्हटलं होतं.

सेवेरो : पुन्हा. अरे, माझ्या सुरात घुसलास.

लिम्बर्ट : किती थांबायचं ते मोजून सांगा ना! दोन? तीन?

सेवेरो : मोजायचं नाही. बोटांकडे बघू नकोस, माझ्या छातीकडे बघ. श्वास संपताना दिसतो.

लिम्बर्ट : एवढ्यात संपतो?

सेवेरो : खाणीत मीही होतो, बाबा. सेनोन माझा श्वास बघून वाजवायचा. पुन्हा.

नेल्वा : ताता, थोडं बसता का?

सेवेरो : तू मध्ये पडू नकोस. पुन्हा.

लिम्बर्ट : थांबा. जरा थांबू या.

सेवेरो : का रे? बोटं दुखली?

लिम्बर्ट : तुम्हाला दम लागलाय.

सेवेरो : तुला कुणी सांगितलं?

लिम्बर्ट : दिसलं.

सेवेरो : दिसलं? ...नेल्वा, लाव तुझं यंत्र.

नेल्वा : आत्ता? इथे अंगणात? कोंबड्या ऐकू येतील.

सेवेरो : येऊ देत. चल पोरा, तू सुरू कर. सेनोनच आधी वाजवायचा.