भावजींचं पहिलं कर्ज

कर्ज न काढता घर घ्यायचं म्हणतोस? मग आमच्या भावजींचं ऐक. धसईचा माणूस, मुरबाडच्या कारखान्यात नोकरीला. घर घेईन तर रोखीनं, हा हट्ट. चौदा वर्षं पोटाला चिमटा काढून साठवलं. पण आपल्याकडे कुणाजवळ चार पैसे आहेत असा नुसता वास लागला, की लग्नसराईत अख्खी भावकी उसने मागायला दारात. म्हणून भावजी सगळ्यांना एकच सांगायचे, "माझेच हप्ते चाललेत रे बाबा!" कसले हप्ते, ते कुणी विचारलं नाही. बिचारा म्हणून सोडून द्यायचे.

शेवटी शहापुरात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला भावकी जेवायला बसली आणि चुलतकाकी हळहळली, "एवढं कर्ज कधी फिटायचं गो तुमचं?"

आमच्या ताईला ते झोंबलं. वाढता वाढता पळी उगारून म्हणाली, "एक रुपया कर्ज नाय काकी! सगळे रोख मोजलेत!"

भावजींचा घास हातातच राहिला.

हात धुवायला उठले, तर तिघांनी त्यांना गॅलरीत गाठलं. एकाला म्हैस घ्यायची होती, दुसऱ्याच्या पोरीचं लग्न होतं. भावजी म्हणाले, "अरे, सगळे पैसे या घरात गेले." तिसरा हसला, "एवढे रोख मोजलेस, म्हणजे आणखी असणारच."

सोमवारी भावजी मला घेऊन बँकेत गेले आणि जन्मात पहिल्यांदा कर्जाचा फॉर्म मागितला.

साहेबांनी विचारलं, "कर्ज कशासाठी हवंय?"

भावजी म्हणाले, "लोकांना सांगायला."