पाय पसरायला चार इंच

…आणि वर मलाच म्हणतात, 'नॉर्बी, तू जळतोस!' मी? दाजींच्या गाडीवर? अहो, जळण्यासारखं आहे काय त्यात? तुम्हाला सांगतो, दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करा. माझी मिडसाइज, दाजींची फुलसाइज. दोन्हींना चार दारं, दोन्हींत माणसं पाच, कॉफीचे कप ठेवायला भोकंसुद्धा तेवढीच! फरक काय, तर त्यांच्यात पाय पसरायला चार इंच जास्त. चार इंच हो, चार इंच! एवढ्यावर कुणाचा बाप फितूर होतो का?

माझा झाला.

आणि बाप तरी कसा? उभी हयात ज्यानं आमच्या कंपनीत गाड्यांना दारं बसवली, असा! आमच्या मिशिगनमध्ये ज्या कंपनीवर पोट, तिचीच गाडी दारात. पलीकडच्या कंपनीची? छे! ट्रुडीताईचं लग्न ठरलं, दाजी पहिल्यांदा घरी आले. कामाला नदीपलीकडच्या कारखान्यात, गाडी तिथलीच. बाबा दारातूनच ओरडले, 'ए वेंडेल, तो डबा रस्त्यावर लाव! माझ्या अंगणात तेल गळेल त्याचं!' तेव्हापासून कित्येक हिवाळे दाजी बर्फ तुडवत जेवायला आले. आणि मी? मी अंगणात, बाबांच्या गाडीशेजारी! शाळा मी अर्ध्यावर सोडली, पोरींपुढं माझी जीभ टाळ्याला चिकटते, पण अंगणात माझी जागा पक्की होती हं. रविवारी चर्चला जाताना बाबा माझ्या गाडीत, माझ्या शेजारी. बोलायचे काहीच नाहीत. एकदा मात्र डॅशबोर्डवर थाप मारून म्हणाले, 'चांगली घेतलीस रे.' बास! तेवढ्यावर मी वर्ष काढलं असतं.

पण बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सगळं बिघडलं. गुडघा वाकेचना. व्यायामाला न्यायचं सकाळी, माझी कारखान्यातली पाळी सकाळची, मग कोण नेणार? दाजी! पहिल्या दिवशी बाबा त्या गाडीत बसले ते टोपी नाकापर्यंत ओढून. गल्लीतल्या कुणी ओळखलं तर? आणि परत आले तेव्हा टोपी मांडीवर, काच खाली, कोपर बाहेर! मला म्हणतात, 'नॉर्बी, आत सोफा आहे रे, सोफा!'

सोफा! चार इंच हो!

मी म्हटलं, गप्प बसून चालायचं नाही. दोन्ही कंपन्यांची माहितीपत्रकं आणली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली. म्हटलं, 'बाबा, हे बघा, माझी एका गॅलनमध्ये किती जास्त पळते. गल्लीत एका फटक्यात वळते. डिकी म्हणाल तर त्यांची मोठी आहे, पण आपल्याला काय डिकीत झोपायचंय?'

बाबा म्हणाले, 'पळते ना? मग पळव की. मला बसायचंय.'

आणि त्याच संध्याकाळी आई खिडकीतून, 'नॉर्बी बाळा, तुझी गाडी जरा रस्त्यावर घेतोस? वेंडेलरावांना वळवायला जागा लागते ना.' मी घेतली. आतून दाजींचं हसू ऐकू येत होतं. चांगला माणूस आहे हो… तोच तर त्रास आहे!

पण मग आला कामगार दिन. संघटनेच्या हॉलवर जेवण. तिथं नियम कडक, आपल्या गाड्या दारापाशी, बाकीच्यांनी पार मागच्या खडीच्या मैदानात. माझ्या मनात लख्ख उजेड पडला! दाजींची गाडी पलीकडची, म्हणजे ती मैदानात. बाबांना खडीतून चालवणार नाही. म्हणजे बाबा माझ्याबरोबर, थेट दारापाशी, सगळ्या जुन्या सोबत्यांदेखत! लोक पोरींना नाचायला न्यायचं म्हणून गाडी धुतात, मी बापासाठी धुतली. सीट पार मागं नेली. बाबा तिरके बसले, 'हळू, हळू… अरे खड्डा!' करत आले, पण आले!

फाटकावर ऑर्व्हिलकाका. बाबांचे जुने सोबती. म्हटलं, आता कौतुक करणार. तर ते वाकले आणि पुढच्या काचेखाली कोरलेला कारखान्याचा नंबर वाचायला लागले.

'नॉर्बी, हा तीननं सुरू होतो. मेक्सिकोत जोडलीय. मागच्या मैदानात.'

'अहो काका, कंपनी आपली आहे!'

'कंपनी आपली, हात आपल्या संघटनेचे नाहीत. पाटी वाच.'

तेवढ्यात मागून हॉर्न. दाजी! काका तिकडं वाकले. 'एकनं सुरू! ये वेंडेल, ये! नदीपलीकडं आपल्याच पोरांनी जोडलीय. दारापाशी लाव!'

तुम्हाला सांगतो, संघटना दोन्ही कारखान्यांची एकच, हे मला माहीत नव्हतं का? होतं! पण गाडी घेताना कुणी नंबर वाचतं का? मी रंग बघितला!

बाबांनी दार उघडलं. मी म्हटलं, 'बाबा, बसा ना. मी मैदानात लावतो आणि तुम्हाला पाठुंगळी घेऊन…'

'पाठुंगळी? नॉर्बी, शहाण्यासारखं कर. मागं रांग लागलीय.' आणि लंगडत जाऊन दाजींच्या गाडीत बसले. निदान वळून तरी बघायचं! वळायला तिथं जागा होती की भरपूर, चार इंच जास्त!

परत निघताना मी तरीही गाडी फाटकाशी आणली. शेजारची सीट पुसली. वाट बघत बसलो. आई आली, दार उघडलं आणि उरलेल्या बटाट्याच्या सॅलडचं मोठं पातेलं सीटवर ठेवून पट्टा लावला.

म्हणाली, 'हे तूच ने बाळा. वेंडेलरावांच्या सीटवर डाग पडायला नको.'