हळदीची रेघ

न्हाय म्हणून कुठं म्हणालो मी? माझ्याच नेट कॅफेतनं निघालाय हा कागद. काठानं उभी पिवळी रेघ दिसती न्हवं, ती हळद हाय — खंडेनवमीला सगळी आपापल्या हत्याराची पूजा करत्यात, आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, प्रिंटरची केली, आणि नुसतं बोट लावून तिचं मन भरंना, म्हणून चिमूटभर हळद वरनं सोडली, कागद आत जातो तिथंच. तवापासनं गडहिंग्लजात पिवळी रेघ दिसली की सोमलिंगचा कॅफे. निकाल काढा, लग्नाचा बायोडाटा काढा, रेघ हायच. पण म्हणून पोरीच्या दप्तरातनं कागद काढून, चौकातनं माझ्या नावानं बोंबलत यायचं? बसा. उभ्यानं बोलू नका, गिऱ्हाईक बुजतंय.

तर तुम्ही प्रियदर्शनीचे वडील. बरं. पावणं, पुण्याच्या नर्सिंग कॉलेजनं मुलाखतीला बोलावलंय तिला, दुसरं काय न्हाय त्यात. पोरीचं नाव इंटरनेटवर आलं म्हणजे अब्रू गेली, ह्ये कुणी भरवलं डोक्यात? हुशार हाय म्हणून आलं की. परवा हा कागद हातात नसला तर तिला दारातनंच माघारी लावत्यात. तुमची भीती कळती मला — लांब जाणार, परक्या गावात राहणार, कळती की — पण भ्यायचं तुम्ही आणि घरात बसायचं तिनं, ह्यो कुठला न्याय?

फाडताय? फाडा. अजून बारीक करा. झालं समाधान? आता इकडं स्क्रीनवर बगा. तिच्या नावाचं फोल्डर, आणि आत ह्येच पान. कॉलेजनं साइटवरनं काढलं तरी हितनं जात न्हाय, सेव्ह केलंय मी, वर फ्लॉपीवरबी घेतलंय. एरवी मी कुणाचं काय ठेवत न्हाय हां, गिऱ्हाईक उठलं की पुसून टाकतो — पण वैनीच म्हणाल्या, ठेवा भाऊ, आमच्या घरात कागद टिकत न्हाय —

कुठल्या वैनी म्हणजे... आता गेलं तोंडातनं. व्हय, शालूवैनी. तुमच्याच मंडळी. बाजारच्या दिवशी आलत्या लेकीला घेऊन, त्या खुर्चीवर बसलत्या. हिचं नाव कुठं हाय दाखवा म्हणाल्या, आणि काचेवर त्या नावाखाली बोट ठिवून कितीतरी वेळ बसल्या. मला लई बरं वाटलं बगा त्या दिवशी, खोटं कशाला बोलू. असं बघू नका माझ्याकडं. आणि घरी जाऊन त्यांच्यावर आवाज चढवायचा असंल तर आधी हितं माझ्यावर चढवा. त्यांनी सांगितलं, मी केलं. परत सांगितलं तर परत करीन.

थांबा, निघतोय दुसरा. आली बगा रेघ. घ्या, ह्योबी फाडा, कागदाचा अख्खा गठ्ठा पडलाय माझ्याकडं.

का, फाडत न्हाय? न्हेत पण न्हाय? मग ठिवा हितंच टेबलावर. न्यायला कोण येतंय ते आता तुम्हालाबी ठाऊक हाय. उठा, खुर्ची सोडा, गिऱ्हाईक थांबलंय.