डबा म्हनला, पानी वाढतंय

हॅलो?… कोन, दीपमाला? बरं झालं बाई तूच फोन केलास. हितं तुज्या बोलक्या डब्यानं गल्लीत लाज काढली माजी!… आगं त्योच, गेल्या खेपंला सांगलीस्नं आनलास त्यो. आई, सांगशील ते भजन लावतंय म्हनलीस… लावतंय की, न्हाई कुठं म्हनते? पर मघाशी भजन चालू आन् मधीच भोंगा वाजला. त्यातली बाई वरडाय लागली, "पाणी वाढत आहे, पाणी वाढत आहे"…

हसू नगंस, ऐक की! आता म्हसवडात पानी म्हनल्यावर कोन घरात बसतंय? नळाला कवा येतंय तेचा पत्त्या न्हाई. मी हांडा घिऊन भायेर. माज्या मागं शेजारची रेश्मा घागरी घिऊन. समोरचा भाऊसो तर अंगाला साबन लावल्याला, तसाच बादली घिऊन पळत आला!… व्हय गं, टावेल हुता. समदी गल्ली रांगेत आन् नळ नुसता फुस्स…

मग काय, मलाच बोलाय लागली समदी. काकू, तुमचा डबा खोटारडा हाय म्हनं…

आँ? फुडं काय म्हनली?… आगं हांड्याच्या नादात कोन ऐकतंय! थांब, अजून बोंबलतंय ते. फोन डब्याफुडं धरते… ऐकलंस? "नदीकाठच्या नागरिकांनी तातडीने"… आता हितं मानगंगंत वाळू उडतीया, कुठली नदी न् काय!

काय म्हनलीस?… डब्यात अजून तुमच्याच सांगलीच्या घरचा पत्ता हाय?

आगं… मग ती तुलाच सांगतीया की! दीपे, खिडकीतनं बघ. आदी बघ!… कुठवर?… पायरीला लागलं? आन् तू हितं माजं रडगानं ऐकत बसलीस व्हय? पोरीला उचल! कुणालरावास्नी उठीव… झोपल्यात म्हंजे? पानी वत अंगावर, लागंल तेवढं हाय की दारात!… वरच्या मजल्यावर जा. न्हाई, लोनच्याची बरनी ऱ्हाऊ दे. ऱ्हाऊ दे म्हनते ना!… फोन चालू ठिव, माजा जीव उडालाय हितं…

चढलीस? पोरगी?… जावई?… समदी वर? सिद्धनाथा, पावलास रं बाबा… आगं रडू नगं. मी तरी कुठं रडतीया?… बरं, ऐक. पानी उतरलं की समदी हिकडंच या ऱ्हायाला. आपल्या म्हसवडात पुराचं भ्याच न्हाई… व्हय, व्हय.

फकस्त येताना प्याचं पानी तेवढं संगं आना. ठिवते.