हाक्याची गोळी

(मिशिगनचं उत्तर टोक, नोव्हेंबरातली सकाळ. देवदारांची दलदल, मधून अर्धवट गोठलेला ओढा. नुकत्याच पडलेल्या हरणापाशी म्हातारा आर्वो आणि त्याची मुलगी हेल्मी. दलदलीच्या पलीकडून हाका घालत, रान उठवत येणारा त्याचा मुलगा रॉय अजून दिसलेला नाही.)

आर्वो : बघत काय उभी राहिलीस, पोरी? पाय धर त्याचा. एवढा दणदणीत नर पाडलास आणि तोंड असं केलंयस, जसं काही माझी दुभती गायच मारलीस.

हेल्मी : तो भुंकत का नाहीये?

आर्वो : कोण?

हेल्मी : रॉय. हाका घालताना सबंध वेळ कुत्र्यासारखा भुंकत येतो ना तो. मी बार काढला आणि त्याचं भुंकणं थांबलं.

आर्वो : बार ऐकला, काम झालं. आता कशाला घसा फोडून घेईल? बसला असेल कुठल्यातरी ओंडक्यावर तंबाखू चघळत. आळशीच आहे लेकाचा.

हेल्मी : मी दोनदा हाक मारली. ओ दिली नाही त्याने.

आर्वो : दलदलीत आवाज मुरतो गं. चल, ह्याला उलटा करू. पोट साफ करायला घेतलं की येईल बरोबर, आयतं बघायला.

हेल्मी : बाबा, मी बार काढला तेव्हा तो कुठे असेल?

आर्वो : कुठे म्हणजे? दलदलीतल्या तळ्याच्या डाव्या अंगाला. दरवर्षी तिकडूनच तर येतो.

हेल्मी : शेवटचं भुंकणं समोरून आलं.

आर्वो : आलं, की आता तुला तसं वाटतंय?

हेल्मी : तेव्हा माझं लक्ष कुठे होतं? हरीण ओढ्यापाशी माझ्याकडे कूस करून उभं राहिलं, मला खांदा दिसला, मी चाप ओढला. पण कानात बसलंय ते. समोरूनच आलं.

आर्वो : हं. तळ्याचं बर्फ अजून कच्चं आहे. ते टाळायला उजवीकडून वळला असेल, तर मग समोरून येईल खरा... बरं, असू दे. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. हाक्याच्या दिवशी आपण हलकी गोळी कशासाठी घालतो? दीडशे ग्रेन वजनाची? हाडावर बसली की आतल्या आत फुटते. पलीकडे हाका घालणारा असला तरी त्याच्यापर्यंत पोचत नाही. माझ्या बापाने घालून दिलेलं आहे हे.

हेल्मी : बाबा.

आर्वो : आणि रान उठवायला जाणारा आधी प्रत्येकाला विचारूनच जातो. मी होतो की तिथे. रॉयने तुला विचारलं, हलकीच ना? तू हो म्हणालीस. मग झालं तर.

हेल्मी : नका उलटा करू त्याला.

आर्वो : का? गारठून लाकूड व्हायची वाट बघायची? हो बाजूला... हे काय? ह्या अंगालाही भोक आहे. केवढं मोठं.

हेल्मी : आरपार गेलीय.

आर्वो : हेल्मी, कुठली भरली होतीस?

हेल्मी : जड. एकशे ऐंशीची.

आर्वो : तू हो म्हणालीस त्याला. माझ्यासमोर.

हेल्मी : म्हणाले. मागच्या वर्षी खांद्यात मारलेला नर पळाला, आणि सापडला तेव्हा कावळ्यांनी अर्धा खाल्लेला. हलकी गोळी वरवरच फुटली होती. तुम्ही वर्षभर पोरांसमोर मला काय म्हणत होतात? कावळ्यांची अन्नपूर्णा. प्रत्येक जेवणाला. मला ह्या वर्षी ते ऐकायचं नव्हतं.

आर्वो : अगं, थट्टा होती ती.

हेल्मी : तुमची थट्टा होती.

आर्वो : आता ते राहू दे. कुठे बघून मारलीस, तेवढं दाखव. तो दुबेळक्याचा देवदार?

हेल्मी : त्याच्या जरा डावीकडे. बाबा, ओढा कुठून ओलांडायचा?

आर्वो : माझा हात धर. बर्फावर नको, ह्या दगडांवरून ये. रॉय! ए रॉय!

हेल्मी : कॅरलवहिनीला काय सांगू मी? आपल्या वाफेच्या अंघोळीसाठी सॉना तापवायला घेतला असेल तिने. तिला काय सांगू?

आर्वो : काही सांगायचं नाहीये अजून. चालत राहा.

हेल्मी : तुम्ही पण घाबरलायत.

आर्वो : घाबरलोय. माझा मुलगा आहे तो. तू चालत राहा.

हेल्मी : इथे बघा. साल उडालीय, आतलं लाकूड अगदी कोरं दिसतंय.

आर्वो : माझ्या छातीएवढ्या उंचीवर.

हेल्मी : रॉय! रॉय, ओ दे रे. शिव्या दे हव्या तर.

आर्वो : गप. जरा गप राहा, ऐकू दे मला. काहीच नाही. वारासुद्धा नाही.

हेल्मी : बाबा, तिथे. आडव्या पडलेल्या झाडामागे केशरी काहीतरी आहे. त्याचं जाकीट आहे ते. पडलाय तो.

आर्वो : तू थांब इथे. आधी मी बघतो.

हेल्मी : नाही, मी जाणार.

रॉय : तिथेच थांब.

आर्वो : रॉय? बाळा, लागलंय का तुला? कुठे लागलंय?

रॉय : लागलं नाही. तोंडात माती गेलीय, बस.

हेल्मी : अरे देवा. रॉय. मग ओ का नाही दिलीस? मी मेले रे इथे हाका मारून मारून.

रॉय : ऐकत होतो सगळं. दंडाजवळून काहीतरी सणसणत गेलं, बाजूचं झाड फुटलं. मी आडवा झालो. मग तोंडच उघडेना. वाटलं, हाललो, आवाज केला, की दुसरी येईल.

आर्वो : दुसरी कशी येईल? तुझी बहीण आहे ती.

रॉय : माहीत आहे. हलकी आहे म्हणाली होती. हलकी गोळी हरणातून निघून झाडात शिरत नाही, बाबा. मी इथे पडल्या पडल्या तेवढंच घोकत होतो, की ती जे म्हणाली ते खरं नव्हतं. मग आणखी काय काय खरं नसेल?

हेल्मी : माझं चुकलं. रॉय, माझं फार मोठं चुकलं. मी येऊ का तिथे? तुला उठवते. कपडे भिजलेत तुझे, गारठशील.

रॉय : आधी बंदूक रिकामी कर.

हेल्मी : रिकामीच आहे. हरणापाशीच केली.

रॉय : बाबा, तुम्ही बघा.